किरणांचा दाह आणि कोरफडीचा गर

लेझरने नको असलेले केस काढून झाले किंवा चेहऱ्यावरचा एखादा डाग पुसट करून झाला, की त्वचारोगतज्ज्ञाच्या दवाखान्यातले शेवटचे काम बहुधा ठरलेले असते. लालसर झालेल्या, चुरचुरणाऱ्या त्वचेवर थंडगार, पारदर्शक जेलचा पातळ थर द्यायचा. ट्यूबवर कोरफडीच्या पानाचे चित्र असते आणि त्याच्या आसपास कुठेतरी हजारो वर्षांच्या परंपरेचा हवाला. हा हवाला इतका सर्रास दिला जातो, की तो तपासून पाहावा असे कुणाला वाटतही नाही. मला तो तपासावासा वाटतो, कारण त्यात सांगितलेला इतिहास बऱ्याच अंशी चुकीचा आहे. कोरफडीचा औषधी वापर फार जुना आहे, यात शंका नाही. पण किरणांनी पोळलेल्या त्वचेवर तिचा गर लावण्याची पद्धत जेमतेम नव्वद वर्षांची आहे. ती प्राचीन ग्रंथांतून दवाखान्यात आलेली नाही. क्ष-किरणांनी माणसांच्या कातडीची जी होरपळ केली, तिच्यातून ती आली, आणि ज्या डॉक्टरांनी व संशोधकांनी ती स्वीकारली त्यांनी ती पुन्हा पुन्हा पारखूनही पाहिली. या जेलवर जो काही विश्वास ठेवायचा तो तिच्या वयामुळे नव्हे, या पारखीमुळे ठेवायला हवा. पारखीचा निकाल जिथे प्रतिकूल आला, तिथे तोही मान्य करायला हवा.

कोरफडीचे पान आडवे कापले की त्यात दोन वेगळे पदार्थ दिसतात. हिरव्या सालीच्या लगेच खाली बारीक नलिका असतात. कापल्याबरोबर त्यांतून पिवळसर, कडूजहर चीक पाझरू लागतो. त्याच्या आत रंगहीन, बुळबुळीत गर असतो. चिकात अँथ्राक्विनोन गटातली द्रव्ये असतात. त्यांपैकी प्रमुख असलेले अ‍ॅलॉइन एडिंबरोच्या स्मिथ बंधूंनी १८५१ मध्ये वेगळे केले. ही द्रव्ये जोरदार रेचक आहेत आणि नाजूक त्वचेला ती झोंबूही शकतात. गराचे तसे नाही. त्यात सुमारे ९९ टक्के पाणीच असते. उरलेल्या एका टक्क्यात मुख्यतः लांब साखळ्यांच्या शर्करा, काही क्षार, थोडी आम्ले आणि विकरे. एकाच पानातल्या या दोन पदार्थांचे गुण वेगळे, वापर वेगळा आणि इतिहासही वेगळा. परंपरेच्या नावाने बोलताना एकाची कीर्ती दुसऱ्याच्या खात्यावर जमा होते, आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो.

जुन्या जगाने ज्या कोरफडीचा व्यापार केला ती जवळजवळ पूर्णपणे चिकाची कोरफड होती. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वंशवृक्षाच्या अभ्यासानुसार कोरफडीचे मूळ अरबी द्वीपकल्पात आहे, आणि तिचा व्यापारही त्याच भागातून पसरला. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत आजच्या येमेनच्या किनाऱ्यावरून निर्यात होणाऱ्या मालात ती आहे. त्याच शतकातल्या डायोस्कोरिडीस या ग्रीक वैद्याने सुकवलेल्या रसाचे गुण सविस्तर लिहिले. त्याचा मुख्य उपयोग पोट साफ करण्यासाठी. जखमेतून वाहणारे रक्त थांबवायला त्याची पूड भुरभुरावी, असेही त्याने सांगितले आहे. अलेक्झांडरने सॉकोट्रा बेट याच कोरफडीसाठी ताब्यात घ्यावे असा सल्ला अ‍ॅरिस्टॉटलने दिला, अशी कथा अरबी लेखक सांगत आले. ती खरी असो वा नसो, या मालाचा भाव त्यांच्या लेखी किती होता हे तिच्यातून कळते. गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ मध्ये गोव्यातच छापलेल्या आपल्या संवादरूप ग्रंथात प्रस्तावनेचा संवाद संपताच पहिला विषय घेतला तो कोरफडीचा, आणि सॉकोट्राच्या मालाला अव्वल ठरवले. सतराव्या शतकात कॅरिबियन समुद्रातल्या बार्बाडोसमध्ये तिची लागवड होऊ लागली. तिथे पाने कापून त्यांचे तुकडे उतरत्या लाकडी पन्हळीत कापलेली बाजू खाली करून ठेवत; निथळलेला चीक तांब्याच्या भांड्यांत आटवत आणि घट्ट होत आला की भोपळ्यांच्या वाळक्या कवचांत ओतून थिजू देत. आपल्याकडच्या काष्ठौषधीच्या दुकानात काळा बोळ म्हणून जो काळसर, चकचकीत खडा मिळतो तो याच जातीचा. या सगळ्या उलाढालीत पानाच्या आतला गर कुणाच्या खिजगणतीत नव्हता. चीक निथळला की पानाचे व्यापारातले काम संपले.

यावर कुणी म्हणेल, की व्यापार हा काही सगळा इतिहास नव्हे. परसातली कोरफड तोडून भाजल्या हातावर लावणाऱ्या बायकांची नोंद बंदरांच्या दप्तरांत कशी सापडेल? हा आक्षेप रास्त आहे, आणि त्याला लेखी आधारही आहे. सोळाव्या शतकातल्या ‘भावप्रकाश’ या ग्रंथात भावमिश्राने कुमारीचे, म्हणजे कोरफडीचे गुण सांगताना ती शीत असल्याचे लिहिले आहे आणि ज्या विकारांवर ती चालते त्यांत अग्निदग्ध आणि विस्फोट, म्हणजे भाजणे आणि फोड, यांची नावे घेतली आहेत. तेव्हा भाजल्यावर कोरफड हा उपाय आपल्याकडे निदान चारशे वर्षे लेखी माहीत होता, आणि घराघरांत त्याहून आधीही असू शकेल. हे मी पूर्णपणे मान्य करतो. पण त्यावरून आजच्या जेलचे मूळ तिथे आहे असे ठरत नाही. चुलीच्या निखाऱ्याने पोळलेल्या बोटावर ताजे पान चिरून लावणे ही एक गोष्ट. कारखान्यात गाळलेला, तापवलेला, घट्ट केलेला, टिकाऊ द्रव्ये मिसळलेला गर लेझरच्या दाहावर लावणे ही दुसरी. पहिलीवरून दुसरीकडे नेणारा धागा दाखवता आला, तरच परंपरा हा शब्द खरा ठरेल. तो धागा भावप्रकाशातून निघत नाही.

आपल्या वैद्यकात उपचारानंतरच्या दाहाचा विचार शोधायचा असेल, तर तो आहे, आणि फार नेमका आहे. फक्त त्यात कोरफड नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला बारावा अध्याय अग्निकर्मावर आहे. वैद्याने तापवलेली शलाका, पिंपळी, गोदंत, मध, गूळ, स्नेह अशा साधनांनी रुग्णाच्या शरीरावर मुद्दाम दिलेला डाग, म्हणजे अग्निकर्म. त्याच अध्यायात भाजण्याचे चार प्रकार सांगितले आहेत: प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध आणि अतिदग्ध. त्वचेचा केवळ रंग बदलला, फोड आले, डाग नेमका हवा तेवढाच बसला, की मांस लोंबण्याइतके भाजले, यांत फरक करून प्रत्येकाचा उपचार वेगळा दिला आहे. अग्निकर्म नीट झाल्यावर त्या जागी लावायला सांगितले आहेत मध आणि तूप. रुग्णाच्या भल्यासाठी वैद्याने स्वतः निर्माण केलेला दाह ही वैद्याचीच जबाबदारी आहे, तो किती खोल गेला हे ओळखल्याशिवाय त्यावर काही लावू नये, हा विचार इथे स्पष्ट आहे. लेझरनंतरच्या जेलचा वैचारिक पूर्वज शोधायचा तर तो हा अध्याय.

त्या काळच्या शामक लेपांत शतधौत घृताचेही नाव घ्यायला हवे. चरकसंहितेत विसर्पासारख्या आग होणाऱ्या विकारांवर ते येते. तांब्याच्या परातीत गायीचे तूप घ्यायचे, त्यावर थंड पाणी घालून तळव्याने किंवा तांब्याच्या भांड्याच्या बुडाने घोटत राहायचे, पाणी गढुळले की ओतून टाकायचे आणि नवे घालायचे. असे शंभर वेळा. हळूहळू तुपाचा पिवळेपणा जातो, दाणा मोडतो, वास विरतो आणि परातीत उरते पांढरे, हलके, बोट लावताच पसरणारे मलम. तुपात पाणी बारीक थेंबांच्या रूपाने अडकल्याने ते त्वचेवर गार लागते आणि वर स्निग्ध थर उरल्याने खालचा ओलावा लवकर उडून जात नाही. आजच्या साध्या शामक क्रीमचे काम याहून फार वेगळे नसते. आणि एक गोष्ट आणखी लक्षात घेण्याजोगी आहे. आज अग्निकर्म करणारे अनेक वैद्य तापलेली शलाका टेकवल्यावर लगेच कोरफडीचा गर लावतात. संहितेतले मध आणि तूप बाजूला ठेवून हा बदल त्यांनी अनुभवाने केला. परंपरा म्हणून आपण ज्याकडे बोट दाखवतो तीही अशी बदलत, तपासत आली आहे. तिला गोठवून वेष्टनावर छापणे हा तिच्यावरच अन्याय आहे.

आता खऱ्या धाग्याकडे येऊ. नोव्हेंबर १८९५ मध्ये रॉन्टगेनला क्ष-किरण सापडले. पुढच्या काही महिन्यांतच अमेरिकेच्या व्हॅन्डरबिल्ट विद्यापीठात एका सहकाऱ्याच्या डोक्याचा क्ष-किरण फोटो घेण्याचा प्रयोग झाला, आणि सुमारे तीन आठवड्यांनी त्या जागचे केस गळून पडले. हे किरण केस घालवतात, ही बातमी युरोपात पोहोचायला वेळ लागला नाही. १८९६ संपण्यापूर्वीच व्हिएन्नाच्या लिओपोल्ड फ्रॉइंडने पाच वर्षांच्या एका मुलीच्या पाठीवरच्या केसाळ जन्मखुणेवर रोज किरण सोडले. केस गेले, मागोमाग पाठीच्या खालच्या भागात खोल व्रण झाला. म्हणजे किरणांनी केस काढणे आणि त्यापायी कातडी पोळणे यांची जोडी पहिल्याच प्रयोगापासून आहे. एडिसनच्या प्रयोगशाळेतला क्लॅरेन्स डॅली याने या किरणांपायी दोन्ही हात गमावले आणि १९०४ मध्ये तो मरण पावला. एवढे होऊनही १९२० च्या दशकात अमेरिकेत अल्बर्ट गायझर या डॉक्टरच्या ‘ट्रायको’ यंत्रांनी सौंदर्यगृहांत स्त्रियांच्या चेहऱ्यावरचे केस क्ष-किरणांनी काढण्याचा धंदा जोरात चालला. वेदना नाही, धोका नाही, अशी ग्वाही दिली जाई. काही वर्षांनी त्या चेहऱ्यांवर सुरकुत्या, चट्टे, व्रण आणि पुढे कर्करोग दिसू लागले. १९२९ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने या पद्धतीचा जाहीर धिक्कार केला, तोवर हजारो स्त्रियांचे नुकसान होऊन गेले होते.

हा दाह नेहमीच्या भाजण्यासारखा नव्हता. लगेच दिसत नसे, महिनोन्‌महिने भरून येत नसे, खाज आणि आग रात्रंदिवस छळे, आणि डॉक्टरांकडे देण्यासारखे काही नव्हते. अशा वेळी १९३५ मध्ये कॉलिन्स आणि कॉलिन्स या दोघा डॉक्टरांनी ‘अमेरिकन जर्नल ऑफ रॉन्टगेनॉलॉजी’मध्ये दोन पानांचे एक टिपण छापले. क्ष-किरणांनी पोळलेल्या एका स्त्रीच्या कपाळावर त्यांनी कोरफडीचे ताजे पान लावले होते. आग आणि खाज दिवसभरात शमली आणि काही आठवड्यांत कातडी भरून आली, अशी त्यांची नोंद आहे. एका रुग्णाच्या या हकिकतीतून पुढचे सगळे उभे राहिले. १९३६ मध्ये राइट, १९३७ मध्ये लव्हमन यांनी आपापल्या रुग्णांचे अनुभव त्वचारोगाच्या आणि वैद्यकाच्या नियतकालिकांत छापले. १९४० मध्ये रो यांनी क्ष-किरणांनी भाजलेल्या पांढऱ्या उंदरांवर ताजा गर लावून पाहिला. पुढे अणुबॉम्बच्या लॉस अलामोस प्रयोगशाळेत लशबॉ आणि हेल यांनी सशांच्या कातडीवर बीटा किरणांचा जबर मारा करून कोरफडीने उपचार केलेल्या आणि न केलेल्या जखमा शेजारी शेजारी ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या. १९५३ मधल्या त्यांच्या अहवालानुसार उपचार केलेल्या जखमा दोन महिन्यांत भरल्या. न केलेल्या चार महिन्यांनंतरही पुऱ्या भरल्या नव्हत्या. किरणांच्या दाहावर कोरफड ही कल्पना वैद्यकात रुजली ती या वाटेने. हीच कोरफड त्या काळच्या अमेरिकन औषधकोशात होती, पण रेचक म्हणून. दाहासाठी तिच्याकडे वळलेल्या डॉक्टरांनी कोशाबाहेर, पानाच्या दुर्लक्षित भागाकडे पाहिले.

मात्र ताज्या पानात एक अडचण होती. कापलेला गर काही तासांत तांबूस पडतो, विकरांनी पातळ होतो आणि जंतूंना त्यात आयते खाद्य मिळते. दवाखान्यात रोज ताजी पाने आणणे परवडणारे नव्हते, आणि गर साठवला की त्याचा गुण टिकतो का हा प्रश्न प्रयोगांत वारंवार येत राहिला. १९७० च्या दशकात टेक्सासमधल्या बिल कोट्स या औषधविक्रेत्याने गर स्थिर ठेवण्याची प्रक्रिया विकसित करून तिचे पेटंट घेतले, आणि तिथून कोरफडीच्या बाटल्या, क्रीम आणि ट्यूबचा मोठा उद्योग वाढला. १९८१ मध्ये या उद्योगाने आपली प्रमाणन संस्थाही स्थापन केली. आज लेझरनंतर लावली जाते ती जेल या उद्योगाची संतान आहे. तिच्यात गर किती, त्यातला चीक किती काढला आहे, घट्टपणा गराचा की वेगळ्या डिंकाचा, सुगंध आणि अल्कोहोल आहे का, हे ज्याच्या त्याच्या बनावटीवर अवलंबून असते. दोन ट्यूबांवर एकच पान छापलेले असले तरी आतला माल एकच आहे असे समजायला कसलाही आधार नाही.

लेझर या गोष्टीत उशिरा आला. मेमनने पहिला रूबी लेझर १९६० मध्ये चालवला आणि सिनसिनाटीच्या लिऑन गोल्डमनने थोड्याच वर्षांत तो त्वचेवर वापरून पाहिला. १९८३ मध्ये अँडरसन आणि पॅरिश यांनी ‘सायन्स’मध्ये सिद्धान्त मांडला, की नेमक्या तरंगलांबीचा आणि नेमक्या क्षणभराचा प्रकाश वापरला तर आजूबाजूची कातडी न जाळता फक्त रंगद्रव्य किंवा रक्तवाहिनी तापवता येते. याच सिद्धान्तावर १९९० च्या दशकात केस काढण्याचे लेझर आले. केसातले मेलॅनिन प्रकाश शोषून तापते आणि मुळाला इजा होते. पण मेलॅनिन कातडीतही असते, आणि गव्हाळ-सावळ्या कातडीत ते अधिक असते. म्हणून ७५५ नॅनोमीटरचा अ‍ॅलेक्झांड्राइट लेझर गोऱ्या कातडीवर जितका निर्धास्त चालतो तितका आपल्या कातडीवर नाही. १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग लेझर खोल जातो, वरच्या मेलॅनिनला कमी भिडतो, म्हणून इथे तो अधिक सुरक्षित. उपचारानंतर प्रत्येक केसाच्या मुळाभोवती लालसर फुगीर कडे उठते. मुळापर्यंत उष्णता पोहोचल्याची ती खूण असते आणि काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत ती ओसरते. आपल्या कातडीत खरी भीती त्यानंतरची असते. दाह रेंगाळला तर त्या जागी काळे डाग पडतात आणि ते महिनोन्‌महिने जात नाहीत. त्यामुळे दाह आवरणे हा इथे केवळ आरामाचा प्रश्न उरत नाही.

मग कोरफडीची जेल तो आवरते का? मोठ्या तुलनात्मक चाचण्या झाल्या त्या कर्करोगाच्या रेडिओथेरपीत. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन चाचणीत स्तनांच्या कर्करोगासाठी किरणोपचार घेणाऱ्या १९४ स्त्रियांपैकी काहींना कोरफडीची जेल आणि काहींना दिसायला तशीच, पण कोरफड नसलेली जेल दिली. फरक आढळला नाही. २००२ मध्ये ऑस्ट्रेलियात २२५ रुग्णांवर कोरफडीची जेल आणि साधे पाणीदार क्रीम यांची तुलना झाली, आणि कोरडे पापुद्रे व वेदना कमी ठेवण्यात साधे क्रीम सरस ठरले. दुसऱ्या बाजूला, १९९० मध्ये त्वचा घासून काढण्याच्या उपचारानंतर अर्ध्या चेहऱ्यावर कोरफड मिसळलेली आणि अर्ध्यावर साधी पट्टी लावून पाहिली, तेव्हा कोरफडीची बाजू सुमारे तीन दिवस आधी भरली. साध्या भाजण्याच्या जखमांवरच्या चार अभ्यासांचा, ३७१ रुग्णांचा एकत्रित आढावा २००७ मध्ये निघाला. त्यात जखम सरासरी नऊ दिवस लवकर भरल्याचे दिसले. अभ्यास एकमेकांसारखे नसल्याने आढावा घेणाऱ्यांनी स्वतःच सावधगिरीचा इशारा दिला. आणि १९९१ मध्ये शस्त्रक्रियेच्या उघड्या जखमांवर जेल लावलेल्या स्त्रियांना भरून यायला सरासरी ८३ दिवस लागले, न लावलेल्यांना ५३. एकच वनस्पती; पण दाह वेगळा, बनावट वेगळी, निकाल वेगळा.

कुणी विचारेल, रेडिओथेरपीचे निकाल लेझरला का लावायचे? तिथे किरण आठवडेच्या आठवडे पेशींच्या गाभ्याला इजा करतात, इथे क्षणभराची उष्णता असते. हे बरोबर आहे, आणि म्हणूनच त्या निकालांवरून लेझरनंतरची जेल निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही. पण हा युक्तिवाद दोन्हीकडे चालतो. किरणांच्या दाहावरचे १९३५ आणि १९५३ चे चांगले निकालही मग लेझरला लावता येणार नाहीत. शिवाय लेझरचा सौम्य दाह आपोआपच काही तासांत शमणारा असतो. ज्या दुखण्याचा शेवट ठरलेला, त्यात शेवटी लावलेल्या कोणत्याही लेपाला यश मिळते. बर्फाची पिशवी, थंड पाण्याची घडी आणि साधे बिनवासाचे क्रीम यांच्याशी, त्याच माणसाच्या दुसऱ्या गालावर तुलना केल्याशिवाय यश कोणाचे हे कळणार नाही. नैसर्गिक आहे, अपाय तर होणार नाही, असेही म्हटले जाते. पण नुकत्या तापलेल्या त्वचेचा बचाव थोडा सैल झालेला असतो. त्यावर सुगंध, अल्कोहोल किंवा नीट न काढलेला चीक पडला तर तोच नवा दाह होतो, आणि सावळ्या कातडीवर नव्या दाहाची किंमत काळ्या डागाने चुकवावी लागते.

वनस्पतींच्या लेपांना चाचणीचे वावडे नाही, उलट चाचणीनेच त्यांचे भले झाले आहे, याचे दाखलेही आहेत. कॅलेन्ड्युला हे युरोपातले जुने जखमेचे फूल. आपल्या झेंडूशी त्याचे नाते दूरचे. २००४ मध्ये फ्रान्समधल्या २५४ स्त्रियांच्या चाचणीत किरणोपचाराचा मध्यम किंवा तीव्र दाह त्याचे मलम लावणाऱ्यांपैकी ४१ टक्क्यांना झाला, नेहमीचे मलम लावणाऱ्यांपैकी ६३ टक्क्यांना. आपल्याकडे मंगळुरूच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात डोके व मानेच्या कर्करोगाच्या ५० रुग्णांवर हळद आणि चंदनतेलाच्या क्रीमची तुलना बेबी ऑइलशी करण्यात आली आणि २०१४ मध्ये ती प्रसिद्ध झाली. क्रीम लावणाऱ्यांचा दाह कमी राहिला. ते क्रीम होते मराठी घरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असलेले विको टर्मरिक. ते सौंदर्यप्रसाधन की आयुर्वेदिक औषध, हा अबकारी कराचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. ५० रुग्ण थोडे आहेत, आणि कोण काय लावतो हे वासावरूनच कळत असणार. तरीही या अभ्यासाचे मोल मोठे आहे. कारण त्यात घरातल्या श्रद्धेला मोजपट्टी लावली गेली.

हळदीनेच आणखी एक धडा दिला आहे. १९९५ मध्ये अमेरिकेत जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले, हा वापर आपल्याकडे पूर्वापार माहीत असल्याचे ३२ लेखी पुरावे सादर केले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. त्या लढ्याचा अभिमान योग्यच आहे. पण तिथे सिद्ध काय झाले, हे नीट पाहायला हवे. हे ज्ञान आधीपासून आपले आहे, त्यावर दुसऱ्याचा मालकी हक्क नाही, हे सिद्ध झाले. हळदीने जखम किती लवकर भरते, हा प्रश्न त्या दाव्यात नव्हताच. परंपरेचा पुरावा हक्कासाठी पुरतो. गुणासाठी तो पुरत नाही. आपल्या बाजारात हे दोन पुरावे एकमेकांत मिसळले जातात आणि पहिल्या विजयाचा मुलामा न तपासलेल्या मालाला दिला जातो. परंपरेने पूर्ण मान्यता दिलेला कोरफडीचा उपयोग कोणता होता, तर चिकाचा, रेचक म्हणून. आणि सुरक्षिततेची पुरेशी माहिती पुढे न आल्याने अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००२ मध्ये बिनचिठ्ठीच्या रेचकांतून तोच काढून टाकला. हजारो वर्षांचा वापर तिथे पुरला नाही, आणि पुरायलाही नको होता.

तेव्हा कोरफडीच्या जेलबद्दल माझा निष्कर्ष असा. ती थंडावा देते, ओलावा देते, स्वच्छ बनावटीची असेल तर बहुतेकांना ती मानवते. लेझरनंतर ती लावण्यात गैर काही नाही. काळे डाग ती टाळते किंवा साध्या क्रीमपेक्षा ती सरस आहे, हे मात्र सिद्ध झालेले नाही, आणि ते सिद्ध करण्याची गरज ज्या देशात सर्वांत जास्त आहे तो आपला देश आहे. सावळ्या त्वचेवर, भारतीय उन्हात, इथल्या वैद्यांनी आणि त्वचारोगतज्ज्ञांनी मिळून अर्ध्या-अर्ध्या चेहऱ्याच्या चाचण्या घ्याव्यात. कोरफडीबरोबर शतधौत घृतालाही त्यांत जागा द्यावी. तोवर लेझर करून घेणाऱ्याने ट्यूबवरच्या हजारो वर्षांकडे न पाहता चार प्रश्न विचारावेत: यात गर किती आहे, चीक पूर्ण काढला आहे का, सुगंध किंवा अल्कोहोल आहे का, आणि हे माझ्यासारख्या त्वचेवर कशाशी तुलना करून तपासले आहे. उत्तरे मिळाली नाहीत, तर थंड पाण्याची घडी, साधे बिनवासाचे क्रीम आणि पुढचे काही आठवडे उन्हापासून कसोशीने बचाव, एवढ्यावर भागते.